कव्हरच्या पाठीवर जागा होती

गेल्या वर्षी पुण्याहून एक तरुण मला भेटायला आला. खांद्याला झोळी, हातात तळहाताएवढं ध्वनिमुद्रण यंत्र. खुर्चीवर बसायच्या आधी त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि मग विचारलं, "सर, उतरत्या सुरांची कल्पना तुम्हाला नेमकी कशी सुचली?"

मी त्याला सांगितलं, की पंचगंगेचा पूर ओसरताना मी घाटावर उभा होतो, पाणी एकेका पायरीनं खाली जात होतं आणि मला वाटलं, गाण्यानंही असंच खाली जावं. त्यानं डोळे मिटले आणि बराच वेळ मान हलवत राहिला. हे उत्तर मी आजवर कितीतरी जणांना दिलं आहे. प्रत्येक वेळी समोरचा माणूस डोळे मिटतो.

पूर ओसरताना मी घाटावर कधीच उभा नव्हतो. पुराच्या दिवसांत आमच्या घरातलं कुणी तिकडं फिरकत नसे. चिखल होतो म्हणून.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सत्तरच्या दशकातल्या एका पावसाळ्यात आम्ही तिघांनी कोल्हापुरात एक लाँग प्ले रेकॉर्ड केली. आठ गाणी, शब्द मराठी, हातात इलेक्ट्रिक गिटार. प्रत्येक गाणं ताठ मानेनं सुरू होतं आणि शेवटाकडे येता येता हळूहळू खाली बसतं. आधी ठेका बसतो, त्याच्यामागून गिटार, मग आवाज. ही बसण्याची चाल लोकांना इतकी आवडली की ती आमच्या नावावर एक शैली होऊन बसली. पुढच्या कितीतरी बँडवाल्यांनी तिच्यापायी काय काय केलं ते ऐकून मी मनात हसत आलो आहे. मुंबईच्या एकांनी ड्रमवर ओले टॉवेल टाकले. दुसऱ्या एकांनी रिकाम्या विहिरीत उतरून वाजवलं आणि सर्दी घेऊन वर आले. एका विद्वानानं पतनाचं सौंदर्यशास्त्र असा निबंध लिहिला. तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला पाण्यात काहीतरी आपटल्यासारखा आवाज येतो. त्याला त्यानं जलतत्त्व म्हटलं. तो ओल्या चपलांचा आवाज आहे. चपला कुणाच्या होत्या, तेच मला इथं सांगायचं आहे.

आता ती रेकॉर्ड पुन्हा निघते आहे आणि कंपनीनं कव्हरच्या पाठीसाठी माझ्याकडे मजकूर मागितला आहे. म्हणजे ज्या कागदावर मी एकदा चोरी केली, तोच कागद माझ्यापुढे परत आला आहे. या लेखात मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. एक नाव जिथं छापायला हवं होतं तिथं मी छापू दिलं नाही. ते तिथं येईपर्यंत माझ्या लिखाणाची शोभा वाढवायला वापरण्याचा मला अधिकार नाही.

मी हायस्कुलातल्या मास्तरांचा मुलगा. गाणी मी लिहायचो, गायचो आणि गिटार वाजवायचो. माझा मित्र कापड दुकानदाराचा मुलगा; त्याच्याकडे ड्रमसेट होता आणि तो आमच्यात असण्याचं तेवढं एकच कारण होतं. ठेका धरणं त्याला जमत नसे. गाण्याच्या सुरुवातीला तो पुढं असायचा, मध्ये कुठंतरी आमची गाठ पडायची आणि शेवटाला तो मागं राहायचा. तिसरा बास वाजवायचा. तो पुढं परदेशी गेला आणि या प्रकरणात त्याचा काही दोष नाही.

पावसाळ्यात सिनेमाचं शूटिंग थंड असायचं, म्हणून एका स्टुडिओची ध्वनिमुद्रणाची खोली आम्हाला मिळाली. तिथले रेकॉर्डिस्ट म्हातारे होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आयुष्यभर त्यांनी लावण्या आणि मारामाऱ्या मुद्रित केल्या होत्या. पहिल्या दिवशी मित्र ड्रमवर बसला आणि दोन मिनिटांत अण्णांनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"काय रं हे? पत्र्यावर गारा पडल्यागत वाजतंय. ह्यो डबा भाईर काढा."

"अण्णा, डबा काय म्हणता? ड्रमसेट आहे. मुंबईहून आणलाय."

"मग मुंबईला जाऊन वाजीव की. माझ्या मायकाला तरास कशाला?"

मित्र फुगून बसला. अण्णा म्हणाले, "कुस्तीच्या शीनला वाजवायला माझ्याकडं एक गडी येतोय. उद्या बलवतो त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उचगावहून सायकलवर एक माणूस आला. आम्ही बावीस-तेविशीचे, तो पस्तिशीचा. पाठीला फडक्यात गुंडाळलेली हलगी आणि कॅरिअरला खताच्या पिशवीत कोंबलेलं उसाचं वाळकं पाचट. आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो. दुपारी तीनला त्यांची फौंड्रीत पाळी असायची, म्हणून आमचं काम सकाळी आठ ते दोन.

मी त्यांना ताल समजावून सांगायला लागलो. इंग्रजी पुस्तकातून उचललेले दोन-चार मोठे शब्द वापरले. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊ दे, मास्तर," ते म्हणाले. मास्तर माझे वडील होते. ही पदवी त्यांनी मला थट्टेनं दिली होती. "तुमी म्हना. मी बघतो."

आणि ते खरोखरच बघत होते. कुस्तीच्या मैदानात हलगीवाला मात्रा मोजत बसत नाही. पैलवान एकमेकांभोवती फिरत असतील तर हात सैल ठेवतो, पकड बसली की आवळतो. मामा माझ्या खांद्यांकडे बघत वाजवायचे. मी वरचा सूर घ्यायला श्वास ओढला की हलगी माझ्या आधी अर्धं पाऊल पुढं गेलेली असायची. आज ज्याला आमच्या ठेक्याची अस्वस्थता म्हणतात, ती एवढीच. एक माणूस मला पैलवान समजून माझ्याकडे लक्ष ठेवून होता.

पण हलगीचं कातडं पावसाळी हवेत ताठ राहत नाही. ते शेकावं लागतं. स्टुडिओच्या भिंतींना गोणपाट आणि काथ्या लावलेला. आत काडी ओढायलाही अण्णांची बंदी होती. म्हणून मामा बाहेर पत्र्याच्या आडोशाला पाचट पेटवायचे, हलगी जाळावर फिरवत बोटानं टिचकी मारून बघायचे आणि मनासारखी वाजली की अंगण ओलांडून धावत आत यायचे. उंबरा ओलांडला की अण्णा टेप सुरू करायचे. त्या चपला त्यांच्या. एकदा अण्णांचा हात जरा लवकर पडला.

शेकलेलं कातडं जेमतेम चार मिनिटं टिकायचं. आमचं एकही गाणं चार मिनिटांच्या वर नाही. त्यावरही लोकांनी लिहिलं आहे; माझ्या संयमाचं कौतुक केलं आहे.

तिसऱ्या दिवशी मी वैतागून मध्येच थांबलो. "मामा, तुमची हलगी उतरतेय. शेवटी सगळं बेसूर होतंय."

"उतरनारच की. कातडं हाय, लोखंड न्हवं. ह्या हवेत तुमची चड्डी तरी वाळती का?"

मित्र म्हणाला, "मग काय, निम्मी निम्मी गाणी करायची?"

मामांनी हलगी मांडीवर आडवी घेतली. म्हणाले, "ती उतरतीया तर तुमी बी तिच्यासंगट उतरा की. एकटीलाच कशाला खाली सोडताय?"

आम्ही दोघं मोठ्यानं हसलो. आम्ही शिकलेले होतो. अण्णा हसले नाहीत. काचेपलीकडून म्हणाले, "दात काय काढताय? करून बघा."

आम्ही करून बघितलं. मी वाजवता वाजवता गिटारची खुंटी सैल करत गेलो, आवाज तिच्याबरोबर सोडत गेलो. गाणं संपलं. अण्णांनी टेप मागं घेतली आणि न विचारता पुन्हा ऐकवली.

ही ती कल्पना. पूर नाही, घाट नाही, माझी प्रतिभा तर नाहीच. फौंड्रीतल्या एका माणसाला आपलं वाद्य एकटं पडू नये असं वाटलं.

रविवारी आम्ही सराव करायचो. पहिला रविवार आमच्या घरी माडीवर. तासाभरात आईनं जिन्यात उभं राहून मला खाली बोलावलं. ती काही वाईट बोलली नाही, नुसतं विचारलं, "रोज येणार आहेत का ते?" पुढच्या रविवारपासून आम्ही मित्राच्या कापडाच्या गोदामात बसू लागलो.

"तिथं ऐसपैस आहे," मी मामांना सांगितलं.

"आसंल की. तुमच्या जिन्यापरीस तर आसंलच," मामा म्हणाले आणि सायकल गोदामाच्या रस्त्याला वळवली.

मामांची जात मी कधी विचारली नाही आणि या गोष्टीचा मला पुढं बरीच वर्षं अभिमानही वाटत असे. हातात हलगी असली की विचारावी लागत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

शेवटच्या आठवड्यात चहा पिताना मामांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली. फौंड्रीत ते ओतून निघालेलं कास्टिंग घासायचं काम करत. आठ तास लोखंडावर लोखंड.

"कानात शिट्टी वाजतीया, मास्तर. पाळी सुटली तरी वाजती. आमच्या खात्यातली जुनी मान्सं सगळी बहिरी हायत. बायकू काय बोलती ते कळंना झालंय, ते एक बरं." ते हसले. मग हसू थांबलं. "रेडिओवर वाजिवनाऱ्यांची परीक्षा असती. लागलो तर फौंड्री सुटंल. फार्मात इचारलंय, रेकॉर्ड निघालीया का म्हून. दोन-तीन वरसं कान दम धरतील, तवर झालं पायजे. कव्हरावर नाव येतंय न्हवं माझं?"

"येणार की, मामा. का नाही येणार?"

"पुरं टाका. बापाच्या नावासकट."

कंपनीकडून कुणी काय वाजवलं ते भरून पाठवायचा छापील कागद आला. मी आणि मित्र गोदामात कापडाच्या गठ्ठ्यावर बसलो. ठेक्याच्या रकान्यात मी पेन्सिलनं मामांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि पुढं लिहिलं, हलगी.

मित्रानं वाकून बघितलं. "लेका, हलगी? जत्रेतली रेकॉर्ड वाटंल की. आणि फोटोत मी ड्रमच्या मागं बसलोय ते काय, पूजेला?"

इथून पुढचं मी आयुष्यभर फिरवून सांगितलं आहे, म्हणून आता सरळ लिहितो. मित्र एवढंच बोलला. त्यानं हट्ट धरला नाही. कंपनीनं काही कापलं नाही, कंपनीला तर मामा नावाचा माणूस जन्माला आल्याचंही ठाऊक नव्हतं. खोडरबर मी घेतलं. मामांचं नाव मी पुसलं, त्या जागी शाईनं मित्राचं नाव आणि पुढं ड्रम्स असं लिहिलं. संगीतरचनेपुढं माझं नाव तर आधीच शाईत होतं.

का पुसलं? माझं हसं होईल याची भीती वाटली. आमच्या कॉलेजात इंग्रजी रेकॉर्डी ऐकणारी आठ-दहा पोरं होती. ती म्हणतील, ह्यानं रॉक रॉक म्हणून हलगी वाजवली. त्या आठ-दहा जणांपैकी एकानंही पुढं ती रेकॉर्ड विकत घेतली नाही. अशा पोरांच्या भीतीनं मी एका माणसाचे कान घालवले. मोठा बंडखोर कलावंत म्हणून माझ्यावर लेख आले आहेत, त्यांच्या शेजारी हेही कुणीतरी चिकटवून ठेवावं.

रेकॉर्ड आली तेव्हा मामा फौंड्रीत जायच्या आधी आमच्या घरी आले. माडीवर आले नाहीत. अंगणात उभे राहिले. मी कव्हर दिलं. चौथी शिकलेला माणूस. पाठीवरच्या मजकुरावर त्यांनी ओळीखाली बोट धरून वाचलं. एकदा खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले.

"माझं कुठं हाय?"

"कंपनीनं कापलं, मामा. जागा नव्हती म्हणे."

कव्हरचा खालचा निम्मा भाग पांढरा होता. मामांनी त्यावरून तळवा फिरवला, भाकरीवरचं पीठ झाडावं तसा.

"जागा तर लई हाय की," ते म्हणाले.

ते कव्हर मला परत देऊन गेले.

पंधरा दिवसांनी पुन्हा आले. रेडिओवाल्यांनी त्यांना हाकललं नव्हतं. तिथल्या माणसानं सांगितलं होतं, रेकॉर्डवर तुम्हीच वाजवलंय असं त्या कलाकाराचं पत्र आणा, जोडून घेतो.

"दोन वळी लिवून द्या, मास्तर. तुमचं अक्षार चांगलं हाय."

"उद्या देतो, मामा."

त्याच आठवड्यात मुंबईच्या एका मासिकात आमच्या ड्रमच्या आवाजावर अर्धं पान छापून आलं. मित्रानं ते दुकानात काचेखाली लावलं होतं आणि गिऱ्हाइकांना सांगत होता, कातडं मी कॉफीत भिजवतो. मी पत्र लिहून दिलं असतं तर ते काचेखालून काढावं लागलं असतं. मामा आणखी दोनदा आले. पहिल्यांदा मी घरात असून आईला सांगायला लावलं की बाहेर गेलाय. दुसऱ्यांदा आईनं माझ्याकडे न बघता आपण होऊनच सांगितलं. मग ते यायचे थांबले. फॉर्मची तारीख गेली असणार.

रेकॉर्डचं नाव पुढं वाढत गेलं. आम्हाला दुसरी काढता आली नाही. का, ते कुणाला कळलं नाही. समीक्षकांनी लिहिलं, शिखर गाठल्यावर मौन पत्करणारे विरळा. मौन कसलं! मित्र पुन्हा ड्रमवर बसला होता आणि गाणी पुन्हा पत्र्यावरच्या गारांसारखी वाजत होती. मी एका कॉलेजात नोकरीला लागलो. जयसिंगपूरपासून बेळगावपर्यंत गॅदरिंगांना मला पाहुणा म्हणून बोलवत. पोरं आमची गाणी वाजवत, शेवटी सुरात खाली उतरत, आणि मी हार घालून मान डोलवत बसे. कुणी विचारलं, ड्रमचा हा आवाज कसा मिळवला हो, तर मी मित्राकडे बोट दाखवे. मामांना ओळखणारा एखादा भेटलाच तर कंपनीच्या नावानं बोटं मोडे. मित्र गेल्याला आता काही वर्षं झाली. तो असता तर मी हे लिहिलं असतं का, असं कुणी विचारलं तर नाही, लिहिलं नसतं. एवढाच माझा प्रामाणिकपणा.

ऐंशीच्या दशकात, दहा-एक वर्षांनी, मी ते पत्र लिहिलं. एका मुलाखतीत मला विचारलं होतं, तुमचा गुरू कोण, आणि मी कुठल्याशा परदेशी गिटारवाल्याचं नाव ठोकून दिलं. घरी आलो तर जेवण जाईना. बसलो आणि लिहून काढलं. आठही गाण्यांत हलगी यांनी वाजवली आहे, गाणं उतरवण्याची कल्पना यांची आहे, खाली सही. पत्र घेऊन उचगावला गेलो.

मामा दारात बाजेवर बसले होते. पन्नाशीही गाठली नव्हती, पण म्हातारे दिसत होते. मी रामराम केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आत हाक मारली. बायको बाहेर आल्या, मी कोण ते विचारलं आणि त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडल्या, "मास्तर आल्यात! गानंवालं!"

"कान गेलं की दोन्ही," त्या मला म्हणाल्या. "जत्रंला सुदीक हलगी उचलत न्हाईत. म्हंत्यात, माझं मलाच कळंना, लोकान्ला काय सांगू."

मी पत्र पुढं केलं. मामांनी बोट धरून वाचलं. पहिली ओळ, दुसरी, आपलं नाव आलं तिथं बोट थांबलं, मग शेवटपर्यंत. चेहरा हलला नाही. कागद उलटा करून पाठ बघितली, पुन्हा सुलटा केला.

"तारीख टाकली न्हाईस," ते म्हणाले. तोवर त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

मी पेन काढलं. कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख लिहायला लागलो तसं त्यांनी मनगट धरलं. बोटं लोखंडासारखी होती.

"आजची न्हवं. तवाची टाक. कान व्हतं तवाची."

आणि मग मी, ज्यानं खोडरबर चालवलं, आईला खोटं बोलायला लावलं, दहा वर्षं कंपनीवर ढकललं, तो मी गंभीर तोंड करून म्हणालो, "मामा, ते खोटं होईल."

त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी बायकोकडे बघितलं. त्या वाकल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "खोटं हुईल म्हंत्यात!"

मामा हसले. बहिऱ्या माणसाला आपलं हसणं किती मोठं आहे ते कळत नाही. समोरच्या दारातली बाई बाहेर आली, शेजारचे दोघं ओट्यावर येऊन उभे राहिले, काय झालं म्हणून विचारू लागले, आणि मामांच्या बायकोनं त्यांनाही ओरडून सांगितलं. ते पण हसले. मामांनी डोळे पुसले, पत्राची घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात खोचली.

मामा आता नाहीत. कंपनीला मी कव्हरच्या पाठीचा मजकूर पाठवला आहे. ठेक्याच्या रकान्यात एकच नाव आहे, वडिलांच्या नावासकट, पुढं हलगी. संगीतरचनेपुढंही तेच नाव आधी आहे, माझं मागून. काल तिथल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, सर, जुन्या कव्हरवर असं नाहीये, लोक गोंधळतील, तळटीप देऊया का?

मी म्हणालो, तळटीप नको, नाव रकान्यातच राहू दे. वरच्यांना विचारून सांगते, असं त्या म्हणाल्या आहेत.